यमुनाबायच्या टेम्पोचा नट

कळंबच्या किनाऱ्यावर मला आजही 'गोल मेस्तरी' म्हणतात. ज्यांनी मला पाहिलंय त्यांना हसू येईल. अंगानं मी शेवग्याची शेंग. पन्नाशीनंतर लोकांची पोटं सुटतात, माझी पँट सुटते. तरी कळंबला एस.टी.तून उतरलो की नाक्यावरच्या दुकानातून हाक येतेच, "काय गोल मेस्तरी, आज कोनाचा नट?" आणि अख्खं दुकान खिदळतं. बायको सोबत असली की तिला वाटतं, काय हा आपल्या नवऱ्याचा मान! तिलाही मी खरं कारण कधी सांगितलं नाही. आता दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर सांगून टाकतो. अंक घरी येणारच, तेव्हा तीही वाचेल आणि फराळाचं ताट पुढं ठेवताना हसेल. हसू दे.

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, गॅरेज कसं काढलं, कसं वाढवलं ते लिहा. ते मी लिहिणार नाही. गोखिवऱ्याला पत्र्याच्या एका शेडमध्ये सव्वीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली उताणा पडून काढली, एवढं पुरे. आमची मूळची वाडी निर्मळच्या बाजूला. केळी, पानवेली, जास्वंद. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "वेलींना पाणी घालायचं सोडून हा गाढव गाड्यांना तेल पाजतो." त्यांच्या विहिरीवरच्या पंपाचं इंजिन मात्र मीच दुरुस्त करायचो, आणि तेव्हा ते शेजारी उभे राहून चकार शब्द बोलायचे नाहीत.

तर तेल. गाडीच्या इंजिनात ऑइल असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते ठरावीक दिवसांनी बदलायचं असतं, हे निम्म्या लोकांना पटत नाही. वसई स्टेशनजवळ राहणारे एक गृहस्थ होते, बँकेत कामाला, कपड्यांना कडक इस्त्री. ते मला म्हणाले, "मी कधीच ऑइल बदलत नाही हो. खालून जेवढं गळतं तेवढं वरून घालतो. आपोआप नवं होत राहतं!" मी त्यांना हात जोडले. असल्या हिशेबापुढे देवसुद्धा काय बोलणार?

ऑइल बदलायचं कसं, तेही सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनाच्या तळाशी एक परात असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. सगळं ऑइल त्यात उतरतं. चेंबरच्या बुडाला एक नट. तो खोलला की जुनं काळं ऑइल खाली भांड्यात पडतं, नट परत घट्ट केला की वरून नवं ओतायचं. बस्स. पोरखेळ. पण चेंबर ॲल्युमिनियमचं, नट लोखंडाचा, आणि आमच्याकडची हवा खारी. वसईच्या किनाऱ्यावर लोखंडाची खिडकी तीन वर्षांत पापड होते, तिथं गाडीच्या पोटाखालच्या नटाला कोण विचारतो? तो बसतो तो असा बसतो, की लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यासारखा उठायचं नाव घेत नाही. आणि जोर केला तर नट राहतो बाजूला, चेंबरलाच तडा जातो.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. नारळी पौर्णिमेचा दिवस. दुपारी एक बाई गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. चाळिशीच्या आसपासची, कासोट्याचं हिरवं लुगडं, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली चावी.

"मेस्तरी तुमीच का? रिक्षावाल्यानं पाठवलं. म्हनाला, तोंडानं फाटका हाय पन हातानं चांगला हाय."

माझी छाती फुगली. तोंडाचं मी ऐकलंच नाही.

तिचं नाव यमुना. कळंबच्या तांडेलाची बायको. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. तो दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. होडी दिरांकडे गेली, हिच्या वाट्याला आला टेम्पो. जुना, चार चाकी, डिझेलचा. त्या टेम्पोतून तांडेल गावच्या होड्यांचं म्हावरं, म्हणजे मासळी, सोपाऱ्याच्या आणि वसईच्या बाजारात नेत असे. बायकोला गाडी चालवायला त्यानंच शिकवलं होतं, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ओहोटीच्या वेळी. तो गेल्यावर तिनं लायसन काढलं. आणि आता ती म्हणत होती की म्हावऱ्याची फेरी मीच करणार.

त्या काळात, कळंबला, एक बाई टेम्पो चालवणार! मी पाना खाली ठेवला आणि स्टूल पुढं केलं.

गावात बैठक झाली होती. होडीवाल्यांचे म्होरके गोविंदकाका, सत्तरीचे, शब्दाला पक्के आणि मनानं जुने. ते म्हणाले होते, "बाय गाडी चालवील, कबूल. पन वाटेत बंद पडली तर? बायमानूस काय करील? म्हावरं कुजलं तर होडीवाल्यांनी खायचं काय?" आणि त्यांनी अट घातली. आमच्याकडे तेव्हा रीत होती, पौर्णिमेनंतरचं पहिलं म्हावरं ज्याच्या गाडीत चढेल, वर्षभराची फेरी त्याची. उद्या होड्या परत येतील तेव्हा तुझा टेम्पो चालत पुळणीवर आला, तर फेरी तुझी. नाही आला तर कामणच्या गाडीवाल्याची. कामणचा तो माणूस आधीपासून टपून होता, त्याच्याकडे नवी कोरी गाडी होती.

"मग आणा की गाडी, अडलंय कुठं?" मी विचारलं.

अडलं होतं असं: टेम्पो घरामागं झावळ्यांच्या छपराखाली उभा. आषाढातल्या उधाणाचं पाणी यंदा छपरात शिरलं, चाकं बुडाली. काल तिनं ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं. म्हणजे इंजिनात पाणी.

"मी चावीला हात लावला नाय," ती म्हणाली. "ते सांगायचे, तेल पांढरं दिसलं की गाडी चालू करायची नाय. इंजिन मरतं."

शाबास! असं गिऱ्हाईक मला वर्षात एखादं भेटायचं. बाकीचे चालू करून, खडखड वाजवून, मेलेलं इंजिन घेऊन यायचे आणि मग विचारायचे, किरकोळ असेल ना हो?

"बाय, एवढंच ना?" मी म्हटलं. "नट खोलायचा, पाणी काढायचं, नवं ऑइल भरायचं. अर्ध्या तासाचं काम. उद्या सकाळी येतो. तुम्ही पुळणीवर नारळ घेऊन उभ्या राहा."

अर्ध्या तासाचं काम! हे शब्द तोंडातून निघाले की काम दिवसभर चालतं, हे ज्याला सव्वीस वर्षांत कळलं नाही, तो मी.

दुसऱ्या दिवशी आठला मी स्कूटरवरून कळंबला पोचलो. इथंच पहिली चूक. गोट्यांचा डबा, म्हणजे नटावर टोपीसारख्या गच्च बसणाऱ्या पान्यांचा संच, मी गॅरेजमध्येच ठेवला. एका नटासाठी कशाला ते ओझं? पिशवीत एकोणीसचा जुना रिंग पाना टाकला. त्याचं तोंड झिजलं होतं, मला माहीत होतं. पण माझ्या हातात तो चालायचा. हात माझा ना!

होड्या पहाटेच गेल्या होत्या. एकच्या भरतीला परत येणार. यमुनाबायनं टेम्पोची पुढची चाकं विटांवर चढवून ठेवली होती, खाली गोणपाट अंथरलं होतं, शेजारी परात. मी आत सरकलो आणि नट पाहिला. काळाकुट्ट, वरती कसलातरी कडक थर. मीठ आणि जुनं ऑइल असेल म्हणून तारेच्या ब्रशनं खरवडला, रॉकेल सोडलं, दहा मिनिटं थांबलो. पाना लावला. ओढला. नाही. पान्यावर हातोडीनं दोन टोले. नाही. मग दोन्ही पाय चाकाला रेटून, दात खाऊन जो हिसका दिला, तर कर्रर्र!

हलला, हलला! मी आनंदानं ओरडलो.

हलला नव्हता. पाना फिरला होता, नट जागच्या जागी होता. त्याचे सहाही कोपरे माझ्या झिजलेल्या पान्यानं तासून काढले होते. षट्कोनी नट आता सुपारीसारखा गोल. यालाच आमच्या धंद्यात नट गोल करणं म्हणतात, आणि शिकाऊ पोरानं केला तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

मी बाहेर आलो आणि यमुनाबायला म्हटलं, "नट फार खराब आहे. गंजलाय." खोटं बोललो. तिनं मान हलवली आणि चहा पुढं केला.

नऊ वाजले होते. गोखिवऱ्याला जाऊन गोट्या आणायच्या तर फाटक, नाका, गर्दी धरून दोन तास गेले असते. आणि गोल झालेल्या नटावर गोटी तरी काय बसणार? मी पाइप पाना काढला, नळाचे पाइप धरतात तो दातेरी. तो नटाला चावला, मी ओढलं, पाना सटकला आणि माझी मूठ चासीवर आदळली. चार बोटांची सालटं निघाली. वेदना अशी, की मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. यमुनाबायची सासू ओट्यावर जाळं विणत बसली होती, तिनं ते ऐकून जाळं बाजूला ठेवलं आणि बोटांना हळद लावून दिली.

तुम्ही म्हणाल, चेंबरच उतरवायचं. या गाडीत चेंबरच्या आडवा ॲक्सल येतो, इंजिन उचलावं लागतं, दोन दिवस जातात. वरून नळी घालून ऑइल ओढून काढायचं? तेही केलं. नळी अर्ध्यातच अडली. आणि पाणी ऑइलपेक्षा जड, ते सगळं तळाला बसलेलं. मला हवं होतं ते तळचंच.

तेवढ्यात कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. कामणच्या टेम्पोचा ड्रायव्हर. त्याची गाडी पुळणीवर लागली होती, हा पाणी प्यायच्या निमित्तानं बघायला आला होता. "क्या मिस्त्री, निकला क्या?" त्यानं विचारलं. गोडच विचारलं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यमुनाबायनं त्याला तांब्या दिला. पाणी पिऊन तो म्हणाला, "भाभी, टेन्शन मत लो, हम हैं ना." आणि गेला. ती तिथंच उभी राहिली, रिकामा तांब्या हातात धरून. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली,

"मेस्तरी, ते नट खोलायचे तेव्हा गाडी तापवून खोलायचे. सोपाऱ्याहून आले की लगेच. गार असताना कधी हात नाय लावला. बोटांना फोड यायचे त्यांच्या."

आता ऐका मी काय म्हणालो. "बाय, गरम ऑइल पातळ असतं म्हणून सगळेच गाडी तापवतात. त्यात नवं काय? आणि आता इंजिन चालू करू कसं, पाणी आहे ना आत? मी पंधरा वर्षं हेच करतोय. तुम्ही जरा बाजूला व्हा."

हे आठवलं की आजही कानशिलं तापतात. बाई मला गाडीची गुरुकिल्ली देत होती आणि मी तिला बाजूला करत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

साडेदहा वाजले. मी पुन्हा खाली गेलो, छिन्नी लावून नटाच्या कडेवर टोले घालायला सुरुवात केली. चौथ्या टोल्याला चेंबरवर केसाएवढी रेघ दिसली. पुसून पाहिलं, ओरखडा होता. पण हात थांबला तो थांबला. चेंबर फुटलं असतं तर या मॉडेलचं दुसरं भिवंडीच्या भंगार बाजारातसुद्धा मिळालं नसतं. यमुनाबायचा टेम्पो कायमचा बसला असता, तिची फेरी, तिचं पुढचं सगळं आयुष्य त्याबरोबर बसलं असतं, आणि ते माझ्या हातून. पहिल्यांदाच मला भीती वाटली. तिथंच उताणा पडून मी तिचं बोलणं परत आठवलं. 'गार असताना कधी हात नाय लावला.' सगळे गाडी थोडी कोमट करतात. हाताला फोड येईपर्यंत कोण थांबतो?

मी बाहेर आलो. "बाय," मी म्हटलं, "चूल पेटली आहे का?"

"हाय की."

"एक सळई घाला तिच्यात. लाल होऊ दे."

तिनं कोयंड्याची जाड सळई काढून चुलीत सारली. इंजिन तापवता येत नाही, तर नट तरी तापवू, एवढाच माझा विचार. ज्वाला जवळ न्यायची नाही, ऑइल-डिझेलचा भरवसा नसतो, सळई चालते. पण माझी बोटं सुजून केळ्याएवढी झालेली, पाना धरवेना. यमुनाबायनं ते पाहिलं, कासोटा आवळला, आणि गोणपाटावर आडवी होऊन टेम्पोखाली शिरली. सासू ओट्यावरून ओरडली, "अगो, काय करतेस?" ही आतून म्हणाली, "नट खोलते, आये."

मी शेजारी पोटावर झोपून डोकं आत घातलेलं. सासूनं सळई चिमट्यानं आणून दिली. यमुनाबायनं ती नटाच्या बुडाला टेकवली. चर्रर्र आवाज आला, धूर निघाला. आणि वास! जळक्या ऑइलचा नाही. गोड, देवघरातला. मला वाटलं आत कुणी धूप लावला.

"आजी, धूप घातलात काय?" मी विचारलं.

यमुनाबायनं आत सळई धरलेली, डोळे धुरानं मिचकावत होती. मग एकदम हसायला लागली. आडवी पडल्या पडल्या, टेम्पोखाली, गदगदून.

"राळ हाय ही! मेस्तरी, राळ! होडीला भरतात ती. मेला, माझ्या मानसानं नटाला पन होडी समजून भरलीन!"

आता मला सगळं लख्ख दिसलं. होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठोकतात आणि वर तेलात कढवलेली राळ भरतात, म्हणजे पाणी आत येत नाही. तांडेलाच्या टेम्पोच्या नटाचे आटे, म्हणजे त्यावरचे पेच, कधीतरी झिजले असणार, ऑइल गळायला लागलं असणार. दुसरा कुणी माझ्याकडे आला असता. हा गडी तांडेल! त्यानं आपल्या विद्येनं इलाज केला. कापूस, राळ. ती गार झाली की दगड, तापली की लोणी. म्हणून तर तो फोड येईपर्यंत गरम असताना खोलायचा. आणि मी खरवडला तो काळा थरही राळेचाच होता. पंधरा वर्षांचा अनुभव, आणि मला मीठ आणि राळेतला फरक कळला नाही.

"दुसरी सळई आणा!" मी ओरडलो. "बाय, सोडू नका, धरून ठेवा! पाइप पाना लावा. उलटा फिरवा, उलटा! अहो डावीकडं, खालून बघताना उलटं वाटतं..."

"गप ऱ्हावा ओ मेस्तरी," ती आतून म्हणाली. "मना माहीत हाय कुठं फिरवायचा तो."

तिनं पाना लावला, एकदा श्वास घेतला आणि फिरवला. नट वळला. च्यायला, असा वळला जसं बरणीचं फिरकीचं झाकण! एक आटा, दोन, तीन, राळेचे तंतू लोंबायला लागले, आणि भळकन पाणी आलं. आधी गढूळ खारं पाणी, तिच्या दंडावरून, परातीत, माझ्या तोंडावर. मग दुधाळ चिखल, मग काळं ऑइल. मी थुंकत थुंकत ओरडत होतो, "आलं! आलं! आलं!" सासू हात जोडून उभी. शेजारपाजारच्या बाया कुंपणाशी जमल्या. मी आयुष्यात हजारो वेळा ऑइल काढलं असेल, एवढा आनंद कधी झाला नव्हता. आणि पाना माझ्या हातात नव्हता!

सव्वाअकरा. अजून संपलं नव्हतं. इंजिन आतून दोनदा डिझेलनं धुतलं. मग नट हातात घेऊन पाहिला. आटे निम्मे गेलेले, डोकं गोल, आणि दुसरा नट माझ्याजवळ नाही. आता बंद करायचं कशानं? मी डोकं धरून बसलो.

यमुनाबायनं तो नट माझ्या हातातून घेतला, रॉकेलात धुतला, उजेडात धरून फिरवून पाहिला. "परवाच दिरांची होडी भरली," ती म्हणाली. "राळ उरलीय वाटीभर." सासूनं वाटी चुलीवर ठेवली, थोडं तेल घातलं. यमुनाबायनं कापसाचा पेळू आट्यांवरून ओढून बसवला, एकाखाली एक, विणकामासारखा. कढत राळेत बुडवला. मी मध्ये एकदाच तोंड उघडलं, "वॉशर तेवढा खाली ठेवा." "ठेवला," ती म्हणाली. खाली शिरली, नट बसवला, वरून राळेचा हात फिरवला आणि ओल्या फडक्यानं गार केला. माझ्याकडं पाहून म्हणाली, "ते असंच पुसायचे होडीला. मी समोर बसून बघायची." आणि तिचे डोळे भरून आले. धुराचं निमित्त होतंच, मीही माझे पुसून घेतले.

नवं ऑइल भरलं. साडेबारा. पुळणीकडून शंख वाजल्याचा आवाज आला. होड्या दिसल्या!

"बसा," मी म्हटलं. "चालू करा."

पहिल्या चावीला कूं कूं. दुसऱ्या चावीला कूं कूं. तिसऱ्या चावीला धडधडलं, पांढऱ्या धुराचा लोट निघाला, झावळ्यांतून कावळे उडाले, आणि मग धूर पातळ होत होत इंजिन संथ लागलं. टक टक टक टक. काय आवाज! मी टपावर थाप मारली. बायांनी टाळ्या पिटल्या. यमुनाबायनं गिअर टाकला, मी उडी मारून दारापाशच्या फळीवर चढलो, आणि हॉर्न वाजवत आम्ही सुरूच्या झाडांमधून पुळणीवर उतरलो.

सगळं गाव तिथं होतं. होड्या भरतीबरोबर काठाला लागत होत्या, पहिल्या होडीवर लाल बावटा. कामणचा टेम्पो मागचा फळका उघडून सज्ज. गोविंदकाका गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी आम्हांला येताना पाहिलं, वर आले, टेम्पोभोवती एक फेरी मारली. वाकून खाली बघितलं. मग माझ्या हळदीच्या बोटांकडे पाहिलं.

"मेस्तरी आनलास होय," ते यमुनाबायला म्हणाले. गावाकडं वळले. "बघा, हेच मी बोल्लो होतो. गाडी चालू झाली, पन केली मेस्तरीनं. उद्या सोपाऱ्याच्या रस्त्यात बंद पडली, मेस्तरी येनार काय?"

लोकांनी माना हलवल्या. कामणचा ड्रायव्हर हळूच आपल्या गाडीकडं निघाला, फळक्याची साखळी सारखी करायला. यमुनाबाय स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. ती बोलली असती तर कुणी ऐकलं नसतं, हे तिलाही कळत होतं.

काकांनी मला विचारलं, "काय मेस्तरी, नट तुमीच खोलला ना?"

अख्खी पुळण माझ्याकडं बघत होती. दोनशे माणसं. माझ्यासारख्या माणसाला एवढे लोक एकदम कधी बघत नाहीत; आमचे दिसतात ते गाडीखालून बाहेर आलेले पाय. आणि मी मेस्तरी, तोंडानं फाटका पण हातानं चांगला, हे नाव मी पंधरा वर्षं कमावलेलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नाही काका," मी मोठ्यानं म्हणालो. "मी खोलला नाही. मी नट गोल केला."

"म्हंजे?"

"म्हणजे झिजका पाना घेऊन आलो, नटाचे कोपरे तासले, चेंबर फोडायची वेळ आणली. ही सांगत होती कसा खोलायचा, तर हिलाच बाजूला हो म्हटलं. शेवटी हीच खाली शिरली. हिनं तापवला, हिनं खोलला, हिनंच राळ भरून बसवला. मी फक्त ओरडत होतो. विचारा हिच्या सासूला. या गाडीचं हिला जे कळतं ते मला कळत नाही. रस्त्यात बंद पडली तर मला बोलावू नका, मी परत गोल करीन!"

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी पुळण. गोविंदकाका पोट धरून हसले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मेस्तरीनं बिघडवला आन बायनं केला! गोल मेस्तरी रे, गोल मेस्तरी!" तिथंच माझं बारसं झालं. हसणं ओसरल्यावर काका पहिल्या होडीकडं गेले, बोंबील आणि कोळंबीनं भरलेली टोपली स्वतः डोक्यावर घेतली, आणि पाणी गळत गळत आणून यमुनाबायच्या टेम्पोत ठेवली. कामणच्या ड्रायव्हरनं साखळी अडकवली आणि मला हात केला. माणूस वाईट नव्हता.

टेम्पो भरला तेव्हा यमुनाबाय म्हणाली, "मेस्तरी, स्कूटर ऱ्हाऊ दे इथं. बसा, फेरी बघा." मी शेजारी बसलो. पण मला चैन कुठलं? भरलेला टेम्पो, निम्मे आटे, कापूस आणि राळ. इंजिन तापत चाललं की राळ पातळ होणार, हे गणित माझ्या डोक्यात सारखं फिरत होतं. ऑइलचा दिवा पेटतो का, एवढंच मी बघत होतो. ती मात्र खड्डे चुकवत, हॉर्न देत, सरळ बघून चालवत होती.

निर्मळच्या नाक्यावर तिनं गाडी बाजूला घेतली. "जावा, बघून या," म्हणाली. "नायतर तुमाला सुख लागायचं नाय."

मी खाली उतरलो. भर रस्त्यात, आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर, ओळखीचे लोक बघत असताना उताणा झालो आणि आत सरकलो. नट तापला होता, राळ चकचकत होती. मी खालून तळहात फिरवला. हळदीनं पिवळी झालेली बोटं कोरडी बाहेर आली.

वरून यमुनाबायचा आवाज आला, "काय, गळतं काय?"

"एक थेंब नाय," मी म्हणालो. "चला, मेस्तरी."